थंड पातं

पहिला ठोसा नाकावर बसला.

नाही, कानाखाली. नाकावर दुसरा.

आम्ही सगळे तिथंच होतो, मांस कापायच्या हॉलमध्ये, डोक्याला जाळी, पायात पांढरे गमबूट, आणि तरी प्रत्येकानं वेगळं पाहिलं. रक्त मात्र सगळ्यांनी सारखंच पाहिलं. थंडोबाच्या नाकातून आलं, हनुवटीवरून ओघळलं, फरशीवर पडलं, आणि आमच्यातल्या एकानं त्यावर पाण्याचा पाइप सोडला. इथं फरशीवर काही पडलं की हात आपोआप पाइपकडं जातो.

"अरे बंद कर तो! माणूस आहे, माल नाही!"

पाइप बंद झाला. मार चालूच राहिला.

थंडोबा म्हणजे आमचा कूलिंगचा मेकॅनिक. चिलर म्हणजे मांसाची थंड खोली, तिचा कॉम्प्रेसर, गॅसच्या नळ्या, सगळं त्याच्याकडं. भर उन्हाळ्यातही कानटोपी घालून हिंडतो म्हणून हे नाव. आणि मारणारा दादा, कापणाऱ्यांचा मुकादम. एरवी दादा तोंडाचा फाटका, शिवी दिल्याशिवाय साधं "बटण दाब" म्हणत नाही. आज तोंडातून शब्द नाही. नुसतं धप, धप. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसं.

हेच आम्हाला जास्त वाईट वाटलं.

·

चार दिवसांपूर्वी वहिनीचं, म्हणजे दादाच्या बायकोचं, मूल पोटातच गेलं. आठवा महिना लागलेला. थोडा ताप आला, उतरला, वहिनी म्हणाली बरं वाटतंय. मग पोटातलं हलायचं थांबलं.

("पाळणा आणून ठेवला होता."

"गप बस."

"ठेवला होता, म्हणून सांगतोय.")

वहिनी अजून हॉस्पिटलातच आहे. आज सकाळी तिथं दादाला सांगितलं की बाळाच्या रक्तात लिस्टेरिया नावाचा जंतू निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा बऱ्याचदा फ्रिजमधल्या तयार मांसातून येतो. बाईला नुसता ताप आणतो, बाळाला मारतो. तुमच्या घरी असं मांस येतं का?

येतं का! दादाच नेत होता. आमच्याकडं शिजवलेल्या मांसाचे लांब गोल रोल येतात, स्लायसरवर चढतात, काप होऊन सरकत्या पट्ट्यावरून पाकिटात जातात. रोलची दोन टोकं उरतात, ती पाकिटात शोभत नाहीत, ती कापणाऱ्यानं घरी न्यायची. वहिनीला डोहाळे नेमके त्या टोकांचेच. दादा तिच्यासाठी ती जरा जाडच ठेवायचा. आम्ही चिडवायचो, "दादा, पोरगं सुरी घेऊनच बाहेर येणार." तो खूश व्हायचा, वर दोन शिव्या हासडायचा.

हॉस्पिटलातून निघाला तो थेट इथं आला, सवयीनं कमरेला सुरी लावली, हातात जाळीचा हातमोजा चढवला. वाटेत त्यानं सगळं सरळ जुळवलं, आम्हीही तसंच जुळवलं असतं. मांस खराब झालं. थंड असतं तर खराब झालं नसतं. म्हणजे थंड नव्हतं. म्हणजे चिलर बंद पडला होता, आणि कोणीतरी तो गुपचूप चालू करून तोंड मिटून बसला. चिलर कोणाचा?

थंडोबाचा.

·

दादानं थंडोबाला कॉलरला धरून उचललं आणि चिलरच्या दारावर चेपलं.

"बोल," दादा पहिल्यांदा बोलला. "किती वेळ बंद होता?"

"बंद नव्हता रे! चार अंश होता, कायम चार. काटा बघ ना, दारावरच आहे!"

"काटा तूच लावलास."

"मग काय तुझ्या सासऱ्यानं लावायचा? माझं कामच आहे ते!"

दुसऱ्या कुठल्याही दिवशी आम्ही हसलो असतो. दादानं त्याचं डोकं दारावर आपटलं. दार स्टीलचं. हॉलभर घंटा वाजली. पुन्हा आपटलं, पुन्हा वाजली. मग दादाच्या कमरेची सुरी निघाली, हाडापासून मांस सोडवायची, अरुंद, टोकाला किंचित वळलेली. ती त्यानं गळ्याच्या बाजूला टेकवली, जिथं शीर उडत असते तिथं. जागा शोधावी लागली नाही. हातालाच माहीत होती.

आम्ही? आम्ही उभे होतो. पाय हलेनात. मागं स्लायसर चालूच होता, त्याचं गोल पातं रिकामं फिरत होतं, सुं सुं करत, आणि तो बंद करावा एवढंही कोणाला सुचलं नाही.

"शेवटचं विचारतो."

"एकदा जरी बंद पडला असेल ना, तर माझ्या पोरींची शपथ..."

"पोरींचं नाव काढू नकोस!" दादा किंचाळला. "माझीपण मुलगीच होती!"

हे आम्हाला माहीत नव्हतं.

सुरीच्या टोकाशी एक लाल थेंब आला. फुगला. ओघळला.

·

लॅबचं दार धाडकन उघडलं. जंतूबाई. दादाची सख्खी धाकटी बहीण. पात्यावर, टेबलांवर, आमच्या हातांवर कापसाच्या काड्या फिरवते, त्या काचेच्या ताटल्यांत टेकवते आणि काय उगवतंय ते बघत बसते, म्हणून आमच्या तोंडी जंतूबाई. दादा मात्र तिला लहानपणापासून शेंबडे म्हणतो.

"दादा, सोड त्याला. चिलर बरोबर होता."

"शेंबडे, आत जा."

"चारच होता. मी माझा थर्मामीटर लावून बघितलाय. तो खरं बोलतोय."

"चारला मांस खराब होत नाही."

"झालंच नव्हतं! वास आला होता? चिकटपणा होता? तू कापलंस, तुला कळलं नसतं?"

सुरी गळ्यावरून निघाली नाही. दाबायची मात्र थांबली.

"मग?"

"हा जंतू थंडीत मरत नाही. थंडीत वाढतो."

"थंडीत काय वाढतंय? येडा समजतेस मला?"

मग तिनं सांगितलं. ओरडून, तुटक तुटक, एक डोळा सुरीवर ठेवून. तिचं ट्रेनिंग आम्ही दरवर्षी मागच्या रांगेत डुलक्या काढत ऐकतो. आज कोणाची पापणी लवली नाही. एका माणसाचा गळा तिच्या वाक्यांना लटकला होता. ती भलत्या ठिकाणी थांबली असती तर संपलंच होतं.

·

समज, जंतू म्हणजे हा हॉल. भिंती आहेत, मशिनं आहेत. ऑफिसातून चिठ्ठ्या येतात, लांबलचक, पट्टीसारख्या: हे बनव, ते बनव. मशीन पट्टी वाचतं, माल काढतं. उबेत सगळं झकास चाललंय.

आणि थंडी पडते.

पडते म्हणजे दार फोडून आत घुसते. भिंतीतली चरबी थिजते. भिंत ताठते, तडकायला येते. आणि चिठ्ठ्या! त्या स्वतःभोवतीच गुंडाळतात, त्यांना गाठी पडतात, घट्ट. एक मशीन अर्ध्या पट्टीवर अडकतं. दुसरं अडकतं. सगळी अडकतात. अर्धा माल बाहेर, अर्धा आत, तसाच लोंबतोय. कोणी मेलेलं नाही. पण कोणी हलत नाही.

("आपल्यासारखं," आमच्यातला एक पुटपुटला. त्याच्याकडं कोणी बघितलं नाही.)

"बहुतेक जंतू इथंच पडून राहतात, दादा. म्हणून तर आपण फ्रिज वापरतो. तू काही वेडा नाहीस. ऐक. ऐकतोयस ना? पण ह्याच्याकडं एक चिठ्ठी अशी असते की ती थंडीतही वाचता येते. बाकी सगळं ठप्प, आणि ही एकटी सुटी. तिच्यातून एक प्रथिन निघतं. कोल्ड शॉक प्रोटीन म्हणतात. एवढंसं. जंतूच्या मानानंही एवढंसं. पण निघतं ते ढिगानं."

"आणि?"

"आणि गाठींवर तुटून पडतं. चिठ्ठीला चिकटतं, तिला सरळ ताणून धरतं, परत गुंडाळू देत नाही. इथं धरलं, तिथं धरलं, पुढची गाठ, त्याच्या पुढची. मशीन खडखडतं. मग एक घर पुढं सरकतं. मग आणखी एक."

"मग?"

दादा विचारत होता. खरंच विचारत होता. लहानपणी ती त्याला असं विचारत असणार.

"मग हॉल चालू होतो. हळू, पण चालू. भिंतीत पातळ चरबी भरतो, भिंत मऊ करतो. आणि एकाचे दोन होतात. चार अंशांवर, दादा. दोघांचे चार. बाकीचे गारठून पडलेत, वाटेकरी कोणी नाही. आपण दार लावतो, काटा बघतो, समाधानानं घरी जातो. आणि हा आत वाढतो. थंडी नीट आहे म्हणून तो एकटाच वाढतो."

"ऐकलंस?" थंडोबा तोंडातलं रक्त गिळत म्हणाला. "नीट आहे म्हणून."

"तू गप रे!" भाऊ-बहीण एकदम ओरडले.

·

सुरी बोटभर खाली आली. आम्ही श्वास सोडला. लवकर सोडला.

"पण ते तर भट्टीतून शिजून येतं," दादा म्हणाला. "शिजताना मरत नाही?"

"मरतो. सगळा मरतो."

"म्हणजे नंतर आला."

"हो."

"कुठून?"

जंतूबाईची नजर स्लायसरकडं गेली, तिनं ती ओढून फरशीवर आणली. 

"कुठून, शेंबडे?"

"गटारातून," ती म्हणाली. "चिलरच्या फरशीत जे गटार आहे ना, त्यात सापडला."

तिला वाटलं, एवढं पुरेल. गटार कोणाचं नसतं.

पण ते होतं. चिलरच्या पंख्यांतून गळणारं पाणी त्याच गटारात जातं, आणि ते पाणी, ती नळी, ती जाळी, सगळं मेकॅनिकच्या कामात येतं. हे आम्हाला माहीत होतं. दादालाही माहीत होतं. त्याचे डोळे पुन्हा फिरले.

"गटार तुझं," तो थंडोबाला म्हणाला, अगदी हळू.

आणि गुडघा मारला. थंडोबा दुमडला. दादानं केस धरून त्याला सरळ केलं, गळा ताणला, आणि ह्या वेळी सुरी टेकवली नाही, मागं घेतली. जनावराला घालताना घेतात तशी, जोर मिळावा म्हणून.

"पात्यावर आहे!" जंतूबाई ओरडली. "दादा! तुझ्या पात्यावर आहे!"

·

पातं असं धुवायचं. (हे आम्हाला प्रत्येकाला दादानं शिकवलंय, टपल्या मारून.) मशीन बंद कर. गार्ड काढ. स्टीलच्या जाळीचा हातमोजा घालून पातं काढ, नाहीतर बोटं वेचत बसशील. गरम पाणी. फेस. घास, बायकोचा राग काढतोयस असं समज. पुन्हा गरम पाणी. मग जंतूबाई येते, काडी फिरवते. तिची काडी नेहमी स्वच्छ निघते.

इथपर्यंत कंपनीचं. पुढचं दादाचं.

पातं पुसू नकोस. तसंच ओलं चिलरमध्ये ने, सगळ्यात खालच्या फळीवर ठेव, तिथं हवा सगळ्यात गार. सकाळी काढ, लाव, काप. थंड पात्याला चरबी चिकटत नाही. काप निघतो कागदासारखा, कड फाटत नाही, हातावर ठेवला तर खालच्या रेषा दिसतील. दुसऱ्या पाळीची माणसं विचारून विचारून थकली, तुमचेच काप एवढे देखणे कसे? आम्ही सांगितलं नाही. ते दादाचं गुपित होतं. आणि आमचा माज.

खालच्या फळीच्या खाली गटाराची जाळी आहे. फरशीवर पाइप मारला की तिच्यातून तुषार उडतात, पार पात्यापर्यंत. पाइप आम्ही मारतो.

·

सुरी हवेतच राहिली.

"धुतल्यावर नसतो," जंतूबाई म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. "चिलरमधून निघाल्यावर असतो. मी नेहमी धुतल्यावर बघायची. वहिनीचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काडी फिरवली, पातं लावायच्या आधी. ती ताटली आज भरली."

"माझ्या पात्यावर."

"दादा, कोणालाच माहीत नव्हतं..."

"सकाळचा पहिला काप," दादा म्हणाला.

तो आमच्याशी बोलत नव्हता, तिच्याशीही नाही. सकाळी थंड पातं लावलं की ते पहिल्यांदा कशाला लागतं? रोलच्या टोकाला. आणि टोकं कोण नेतं?

त्यानं मूठ उघडली. सुरी पडली. थंडोबा दारावरून घसरत खाली बसला आणि दोन्ही हातांनी स्वतःचा गळा चाचपू लागला, आहे ना जागेवर, आहे ना.

दादा वळला. आम्ही वाट दिली. तो स्लायसरकडं चालला आणि आम्हाला वाटलं, बंद करायला चाललाय. गार्ड उघडंच होतं. ते उघडलं की मशीन बंद पडायला हवं, पण घाईच्या वेळी हात अडतो म्हणून त्याचं बटण दादानंच चिकटपट्टी लावून दाबून ठेवलेलं. त्यानं जाळीचा हातमोजा काढला. नीट काढला, एकेक बोट ओढून.

तेव्हा कळलं.

आणि आता आमचे पाय हलले. आता! एकानं कंबर धरली, एकानं मान, एक पायात पडला. दादानं कोपरानं एकाचा दात पाडला. दुसऱ्याच्या पोटात लाथ घातली, तो टेबलावर जाऊन आदळला, पाकिटांचा ढीग कोसळला. आम्हीही मारत होतो, आमच्या दादाला, पाठीत, बरगड्यांत, मिळेल तिथं, हुंदके देत आणि शिव्या देत. तरी उजवा हात पुढं जातच होता. चारजण त्या एका हाताला लोंबकळलो होतो. पात्याचा आवाज बदलला. सुं सुं जाड झालं.

कापांवर लाल शिंतोडे उडाले.

आणि अंधार.

स्लायसर, पट्टा, पंखे, चिलर, सगळं एकदम मेलं. पातं कण्हत कण्हत थांबलं. वरच्या झरोक्यांतून दिवसाचा उजेड आला तेवढा. त्या उजेडात भिंतीवरच्या मेन स्विचला धरून थंडोबा उभा होता, नाक एका बाजूला गेलेलं, एक डोळा बंद. तिथवर तो रांगत गेला होता. फरशीवर मागं लाल रेघ होती.

·

दोन बोटं गेली. ती पट्ट्यावर सापडली, कापांमध्ये.

"बर्फ आणा!"

"बोटं थेट बर्फाला लावू नका रे गाढवांनो," थंडोबा खाली बसत म्हणाला. "पिशवीत घाला आधी, पिशवी बर्फात. आणि थोडा माझ्या नाकाला आणा, आठवण राहिली तर."

जंतूबाई भावाच्या छातीवर गुडघा देऊन हाताला फडकं आवळत होती. फडकं भरलं, दुसरं घेतलं. आम्ही त्याचे पाय आणि खांदे दाबून धरले होते.

"शेंबडे."

"हलू नकोस."

"वहिनीला सांग, चिलर बंद पडला होता."

जंतूबाईचा हात थांबला.

"सांग की थंडोबाची चूक. मला पोलिसात द्या, कामावरून काढा, हा हात आख्खा तोडा. काहीही करा. पण तिला हे नको. अगं, हातानं भरवलंय मी तिला. ती नको म्हणायची, आणि मी म्हणायचो, खा, बाळाला लागतं."

 खरं सांगायचं तर आम्हाला ते पटलं होतं. एका माणसाचं नाव खराब होईल, पण एक घर वाचेल. आम्ही थंडोबाकडं बघितलंही तसंच. हो म्हण ना, काय जातंय तुझं.

"ए," थंडोबा म्हणाला. "मी मेलो नाही अजून. इथंच बसलोय." त्यानं थुंकी टाकली, लाल. "माझ्या दोन्ही पोरी तिच्या मांडीवर वाढल्यात. उद्या त्या तिच्याकडं गेल्या की ती त्यांच्याकडं कशी बघेल? त्यापेक्षा मघाशी कापलं असतंस तर बरं झालं असतं. ते एकदाच दुखलं असतं."

"तुझ्या पाया पडतो."

"नको पडू. एवढा मार खाल्ला ना? तो देतो सोडून. हे नाही देणार."

दादानं बहिणीकडं बघितलं.

"मी खोटं सांगणार नाही," ती म्हणाली.

दादानं एक पाय आमच्या हातातून हिसकावून झाडला. तो तिच्या बरगडीत बसला, ती मागं फेकली गेली, टेबलाच्या पायावर डोकं आपटलं. आम्ही सगळे ओरडलो. ती तशीच पडून राहिली थोडी. मग उठली, परत आली, परत छातीवर गुडघा दिला आणि फडक्याची गाठ दातांनी ओढून घट्ट केली.

"अजून मारायचंय? मार. मग गाडीत बस. बोटं जोडायला तिथंच जायचंय, जिथं ती आहे. हात बांधलेला बघून ती विचारणारच. मी सांगू, का तू सांगतोस?"

 दादाच्या अंगातला ताण आम्हाला तळहाताखाली कळत होता, आणि तो सुटला तेही कळलं.

"मी," तो म्हणाला.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. सोडायचं का? तिथं जाऊन हा काय सांगेल, कोणाला माहीत? पहिला हात कोणी काढेना.

"सोडा त्याला," थंडोबा म्हणाला. भिंतीला धरून तो उठला, बोटं ठेवलेली बर्फाची पिशवी त्यानं काखेत मारली. "मी जातो बरोबर."

मालाच्या गाडीत दोघं मागं बसले, शेजारी शेजारी, एकाच पोत्यावर. दादा थरथरत होता. थंडोबानं डोक्यावरची कानटोपी काढून त्याच्या डोक्यात घातली, जरा जोरातच, कानांवर ओढून.

"मी तोंड उघडणार नाही," तो म्हणाला. "तू बोलायचंस. पण भलतं बोललास तर मी आहेच."

जंतूबाई पुढं बसली, बरगडी धरून. गाडी निघाली.

आम्ही आत आलो आणि पट्ट्यावरचं सगळं मांस कचऱ्याच्या पिंपात टाकायला लागलो.